वारशातली गाडी आणि रंगाखालची पुटी

वाचकांचे प्रश्न

गणपती होऊन पाऊस ओसरला की वाड्यांच्या बोळांतल्या आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांतल्या गाड्यांवरच्या ताडपत्र्या निघतात आणि आमच्याकडे पत्रं यायला लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आहे. गाडी घरातल्या थोरांकडून आलेली आहे, आणि वयामुळे झालेल्या बिघाडापेक्षा आधीच्या दुरुस्त्यांनीच जास्त घोळ केलेला आहे.

प्रश्न : वडिलांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षं उभी होती. फक्त रंग करून घ्यायचा विचार होता. पेंटरने डाव्या दाराखालचा रंग घासला, तर बोटभर जाडीची पुटी निखळून पडली. आत वर्तमानपत्राचे बोळे आणि पॉप रिवेटने ठोकलेला पत्र्याचा तुकडा निघाला. पेंटर म्हणतो, परत पुटी भरू, दोन-तीन वर्षं काही होत नाही. काय करावं?
— सदाशिव पेठ

उत्तर : पेंटरचं हे ऐकू नका, आणि रंगाचं काम आहे तिथेच थांबवा. दाराखालचा तो पोकळ पट्टा, ज्याला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, तो शोभेचा भाग नाही. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. ट्रकला किंवा जीपला असते तशी वेगळी चेसिस तिला नाही. इंजिनाचं, माणसांचं आणि सामानाचं वजन फ्लोअर, मधला बोगदा आणि हे दोन पोकळ पट्टे मिळून पेलतात. पट्टा पुटीचा असेल तर गाडीचं कंबरडंच पुटीचं आहे. बाजूने धडक बसली तर तिथे अडवायला काहीच नाही.

आधी हा पत्रा का सडला ते पाहा, नाहीतर नवा पत्राही तसाच जाईल. दाराच्या काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. पट्ट्यालाही तशीच भोकं असतात. धूळ, जुना रंग आणि डांबरी अंडरकोट यांनी ती बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खायला लागतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतलं काम बहुतेक संपलेलं असतं. त्यावर पुटी भरणाऱ्याने गंज काढला नाही, मागून हवा लागायची वाट बंद केली आणि वर पाणी पिणारा थर दिला. पुटीत टाल्कची पूड असते, ती ओल धरून ठेवते. म्हणून अशी दुरुस्ती पहिल्या दोन पावसाळ्यांत चांगली दिसते आणि तेवढ्यात आजूबाजूचा शाबूत पत्राही घेऊन जाते.

आता पूर्ण गाडीचा नकाशा करा. फ्रिजवर चिकटवायचं पातळ लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सगळीकडे फिरवा. ते जिथे धरत नाही तिथे पुटी किंवा फायबर आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पत्रा खणखणतो, पुटी बद्द वाजते. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फारच उत्तम. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो आणि एकदा परत रंगवलेला भाग २०० ते ४००. हजाराच्या वर आकडा गेला की खाली पुटी आहे असं समजा. या जागा अजिबात सोडू नका : दोन्ही रनिंग बोर्ड पूर्ण लांबीचे, पायाखालचे चारही कोपरे (कार्पेट आणि त्याखालची डांबरी चादर उचलून), डिकीतला स्टेपनीचा खळगा, मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात तो पत्रा, हेडलाइटच्या मागचा वाडगा, दारांच्या तळाची घडी आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड. एका बाजूला असं काम सापडलं की दुसऱ्या बाजूलाही असतंच, कारण दोन्ही बाजूंनी पाणी सारखंच प्यालेलं असतं.

रंग काढताना सपाट पत्र्यावर वाळूचा मारा करू देऊ नका. बॉनेट, छत आणि दारं त्या माऱ्याने लहरतात, ती पुन्हा सरळ होत नाहीत, आणि वाळू पोकळीत जाऊन बसते. तिथे पेंट रिमूव्हर आणि ८० नंबरचा कागद वापरा. वाळूचा मारा फक्त हँगर, विशबोन (पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनचे हात) अशा जाड वस्तूंना.

पत्रा कापण्याआधीची तयारी बहुतेक गॅरेजमध्ये टाळली जाते, आणि पुढे दारं न लागण्याचं कारण तेच असतं. बॅटरी सोडा आणि पेट्रोलची टाकी उतरवा. गाडी सपाट फरशीवर चार स्टँडवर घ्या. स्टँड सस्पेन्शन जिथे बसतं त्या मजबूत जागांखाली हवेत, रनिंग बोर्डाखाली नाही. दारांच्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजून वहीत लिहा. दार काढून त्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप तिरपा आणि आडवा टाका, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत. एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही एकदम कापल्या तर गाडी मध्ये बसते, आणि मग ती ओढून जागेवर आणायला वेगळाच जिग (गाडी पकडून धरायचा साचा) लागतो.

कापताना डोळ्यांना चांगला दिसणारा पत्रा लागल्यावरही २५ मिमी पुढे जा. पट्ट्याला १८ गेज (सुमारे १.२ मिमी) आणि फ्लोअरला २० गेज (सुमारे ०.९ मिमी) सीआरसीए (थंड लाटलेला, जस्त न चढवलेला) पत्रा घ्या. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा नको. त्याचा जस्ताचा धूर फुप्फुसांना वाईट आणि वेल्डिंगला भोकं पडतात. काम सीओटू वेल्डिंगने, ०.८ मिमीच्या तारेने करून घ्या. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लांबवर तापून वेडावाकडा होतो. मूळ स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला दर ३० ते ४० मिमीवर ६ मिमीचं भोक पाडून ते भरून घ्यायचं. पत्र्यावर पत्रा चढतो त्या दोन्ही तोंडांना आधी वेल्ड होणारा झिंक प्रायमर लावा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. शिवण सलग ओढायची नाही. १० ते १५ मिमीचे टाके एकमेकांपासून लांब घ्या आणि आपोआप गार होऊ द्या. ओलं फडकं लावून गार करणारा कारागीर दिसला तर थांबवा.

मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, सांध्यांना सीम सीलर आणि रंग. रंग झाल्यावर, आधी नाही, पोकळीत नळीने कॅव्हिटी वॅक्स. तळाला ८ ते १० मिमीची पाणी जायची भोकं ठेवा आणि दर पावसाळ्याआधी तारेने मोकळी करा.

पुटी वाईट नाही, तिचा उपयोग चुकीचा झाला. घट्ट, कोरड्या, घासलेल्या पत्र्यावर किंवा इपॉक्सी प्रायमरवर २ मिमीपर्यंतची पुटी वर्षानुवर्षं टिकते. रेड ऑक्साइड प्रायमरवर मात्र चढवू नका, ते मऊ पडून थरासकट सुटतं. आणि उघडी पुटी पाण्याच्या कागदाने घासू देऊ नका. आपल्याकडे ती सर्रास तशीच घासतात, मग रंगाखाली अडकलेलं पाणी सहा महिन्यांनी बारीक फोडांच्या रूपाने वर येतं. कोरडीच घासायची. पत्राकामाचा अंदाज रंगाच्या अंदाजापासून वेगळा लिहून घ्या, आणि प्रत्येक भाग उघडा असताना, नवा पत्रा बसल्यावर आणि प्रायमर झाल्यावर असे तीन फोटो मागा.

प्रश्न : काकांची १९८४ ची अँबॅसडर माझ्याकडे आली आहे. दिवे लावून हॉर्न वाजवला की दिवे मिणमिणतात. बॅटरी नवी आहे, अल्टरनेटर तपासलेला आहे. गाडी सुरू करताना चोकची तार चटका बसेल इतकी तापते. डॅशबोर्डखाली सगळ्या वायर काळ्या टेपमध्ये गुंडाळल्या आहेत आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार आहे.
— निगडी

उत्तर : चोकच्या तारेचं आजच बघा, तोपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन रबरी माउंटवर बसतं, म्हणून बॉडीला त्याची अर्थ (अर्थिंगची जोडणी) एका जाड विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडलेली असते. कधीतरी इंजिन उतरवलं आणि ती पट्टी परत लावली गेली नाही. स्टार्टरला लागणारा शंभराहून जास्त अँपिअरचा प्रवाह आता चोकच्या आणि अॅक्सिलरेटरच्या तारेतून परत जातोय. अॅक्सिलरेटरची तार आत वितळून चिकटली तर इंजिन पळत राहील. नवी पट्टी लावताना दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावा.

तांब्याची तार काढून नेमक्या अँपिअरचा फ्यूज घाला. तो उडाला तर चांगलंच, कुठे शॉर्ट आहे ते कळेल. तार घालणाऱ्याला ते कळू द्यायचं नव्हतं.

मिणमिणत्या दिव्यांसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. दिवे चालू ठेवा. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या प्लस टोकावर ठेवा. जो आकडा येतो तेवढे व्होल्ट वाटेत हरवतात. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर, स्विच, फ्यूजची जागा असं एकेक टप्पा मोजत पुढे जा. मग बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थ यांच्यामध्ये मोजा, तिथे ०.२ व्होल्टच्या वर नको. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं तरी उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, म्हणून जुन्या गाड्यांत लोक १०० वॉटचे बल्ब घालतात. त्याने डॅशबोर्डवरचा स्विच जळतो. उपाय म्हणजे ६०/५५ वॉटचेच बल्ब ठेवून लो आणि हाय बीमला एकेक रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच), बॅटरीपासून ४ चौरस मिमीची मुख्य वायर, रिलेपासून प्रत्येक दिव्याला २.५ ची. डाव्या-उजव्याचे फ्यूज वेगळे ठेवा, म्हणजे घाटात दोन्ही दिवे एकदम जाणार नाहीत. हॉर्नलाही स्वतःचा रिले द्या.

अँबॅसडरचं मूळ वायरिंग इंग्रजी पद्धतीच्या रंगांचं आहे : तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची (निळी-पांढरी हाय, निळी-लाल लो), लाल टेललाइटची, काळी अर्थ. या रंगांत न बसणारी वायर नंतर कुणीतरी टाकलेली असू शकते. तिला चिठ्ठी लावा, ती कुठे जाते ते शोधा आणि एका वेळी एकच सर्किट बदला. पिळून टेप लावलेले सांधे सगळे काढा. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीतला टेपचा गोंद सुटतो आणि सांधा उघडा पडतो. क्रिम्प केलेलं टर्मिनल आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), एवढंच. पुढच्या पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बुश आहे का पाहा. नंतर पाडलेल्या भोकांना तो सहसा नसतो, आणि आग लागते ती तिथूनच.

प्रश्न : ब्रेकचे चारही व्हील सिलिंडर नवे घातले. चार-पाच किलोमीटर चाललं की चाकं जाम होतात, थांबून गार झाली की सुटतात. मेकॅनिक पुन्हा पुन्हा लायनर घासतोय.
— कर्वेनगर

उत्तर : लायनरचा दोष नाही. चाकं जाम झालेली असताना ज्या चाकाला धरलंय त्याचं ब्लीड निपल (तेल आणि हवा बाहेर काढायची बारीक तोटी) थोडं सैल करा. तेल चिळकांडी मारून चाक सुटलं तर दाब आत अडकतोय. सुटलं नाही तर हँडब्रेकची केबल किंवा शूची स्प्रिंग बघा. दाब अडकत असेल तर पुढच्या वेळी मास्टर सिलिंडरचा पाइप सैल करून पाहा. चारही चाकं सुटली तर मास्टर सिलिंडरच. पेडलच्या दांड्याला मोकळी हालचाल नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, आणि तेल परत जायचं बारीक छिद्र बंदच राहतं. मास्टर सोडूनही चाक सुटलं नाही तर त्या चाकाचा रबरी होज आतून फुगलाय. दाबून तेल पुढे जातं, परत येताना अडतं.

पण चारही एकदम असल्यामुळे आम्हाला दाट संशय वेगळाच आहे. ब्रेकचे भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुतले गेले असतील, किंवा ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडलं असेल. खनिज तेल लागलं की ब्रेकचे रबरी कप फुगतात. परीक्षा सोपी आहे : टाकीतलं थोडं तेल काचेच्या ग्लासात पाण्यात टाका. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं, खनिज तेलाचा तवंग वर तरंगतो. तवंग दिसला तर सगळे कप, होज आणि मास्टरची किट टाकून द्या. नवे सिलिंडर असले तरी त्यांचे कप गेलेच. पाइप स्पिरिटने आणि मग ताज्या ब्रेक ऑइलने धुवा. सीलबंद बाटलीतलं डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा, एक लिटर आणा, त्यातलं निम्मं धुण्यात जाईल. हे तेल हवेतली ओल पितं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला.

काम उघडलंच आहे तर पाइपही पाहा. साध्या तांब्याचा पाइप कंपनाने कडक होऊन तडकतो. स्टीलचा किंवा कॉपर-निकेलचा घ्या. नटांचे आटे गेजने तपासा. १० मिमी × १ च्या भोकात तीन अष्टमांश इंचाचा २४ आट्यांचा नट जातो, बसल्यासारखाही वाटतो, आणि जोरात ब्रेक मारताना सुटतो. लायनरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : पद्मिनी शहरात ठीक चालते, पण खंबाटकीला काटा लाल होतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) आधीच काढलेला आहे. मेकॅनिक म्हणतो आपल्या हवेत तो लागत नाही.
— हडपसर

उत्तर : लागतो. आधी कधीतरी गाडी तापली, कारण सापडलं नाही म्हणून थर्मोस्टॅट काढला. कारण आतच राहिलं, आणि आता सकाळी इंजिन अर्धगार चालतं. जास्त पेट्रोल खातं, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं. नवा थर्मोस्टॅट घ्या. पातेल्यात पाणी तापवून त्यात तो दोऱ्याने लटकवा, त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला लागतो का ते थर्मामीटरने पाहा.

घाटातच तापतं याचा अर्थ पाणी किंवा हवा कमी पडतेय, नाहीतर इग्निशन उशिरा होतंय. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं असेल तर ब्लॉकच्या मागच्या सिलिंडरभोवती क्षार आणि गंजाचा चिखल साचतो. ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (पत्र्याची गोल बुचं) काढून तारेने आणि पाण्याच्या उलट्या धारेने तो काढावा लागतो, फक्त रेडिएटर धुऊन भागत नाही. प्लगवर इपॉक्सी फासलेली दिसली तर सगळेच बदला, एक सडला की बाकीचे मागे नसतात. या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, साध्या पाण्याने त्याच्या वाटा खाल्ल्या जातात. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हेड उतरलंच तर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाकलंय का मोजा, आणि आधी किती वेळा घासून पातळ केलंय ते जाडीवरून पाहा. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळायचे.

प्रश्न : नवं इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का? भरल्यापासून कार्ब्युरेटरमध्ये चिकट पापुद्रे येतायत.
— बिबवेवाडी

उत्तर : ते पापुद्रे म्हणजे टाकीत कुणीतरी आधी ओतलेलं सीलंट किंवा साठलेला जुना राळेसारखा थर. इथेनॉल तो सोडवतं. टाकी उतरवून आतून पूर्ण साफ करा, गळत असेल तर पत्रा जोडून घ्या. पुन्हा सीलंट ओतू नका. टाकीला वेल्ड लावण्याआधी ती गरम पाण्याने अनेकदा धुऊन वाफ पूर्ण काढलेली हवी, आणि हे काम टाक्यांच्याच कारागिराकडे द्या. सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. इथेनॉलने मिश्रण थोडं पातळ होतं, इंजिन अडखळत असेल तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एक आकडा मोठा करून पाहा. दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत ओल धरते.

प्रश्न : सुटे भाग कुठे शोधावेत?
— धनकवडी

उत्तर : पुण्यात नाना पेठेत आधी, मग बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात. जुना भाग बरोबर न्या आणि कॅलिपरने शेजारी मोजा. फोटोवरून भाग घेऊ नका. वापरलेल्या पण मूळच्या धातूच्या वस्तू नव्या नकलेपेक्षा बहुतेक वेळा चांगल्या. रबर आणि ब्रेकचे कप मात्र नवेच घ्या. बुश, पिना, स्टड यांसारखं जे मिळतच नाही ते भोसरीच्या लेथवर नमुन्यावरून करून मिळतं. फक्त कोणत्या पोलादाचं करायचं ते सांगून या.

प्रश्न : गाडी १९७२ ची, आजोबांच्या नावावर. ते गेल्याला सहा वर्षं झाली. नाव बदलायचं आहे. व्हिंटेज नोंदणी करावी का? इंजिनही कधीतरी बदललेलं वाटतं.
— औंध

उत्तर : आधी इंजिनाचं बघा, बाकी सगळं त्यावर अडेल. ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर ताडून पाहा. जुळत नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार तो बदल आरसीवर नोंदवावा लागतो. बदललेल्या इंजिनाचं बिल किंवा ते ज्या गाडीतून आलं तिचे कागद घरातल्या जुन्या फायलींत शोधा.

मालक वारल्यावर वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१ असतो, नेहमीच्या विक्रीचा फॉर्म ३० नाही. मृत्यूची माहिती तीस दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. मुदत उलटली आहे, त्यामुळे मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती आणि उशिराचा खुलासा घेऊनच संगम पुलाजवळच्या आरटीओत जा. आरसीचं नूतनीकरण फॉर्म २५ ने, एका वेळी पाच वर्षांचं.

व्हिंटेजचे नियम २०२१ साली आले. पन्नास वर्षांहून जुनी, बिगरव्यावसायिक, मूळ रूपातली गाडी लागते. शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं. पण ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल असेल तर ती बसत नाही, आणि तुमच्या इंजिनाचा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहील. आजोबांच्या गाडीतून रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जायचं असेल तर साधी आरसीच चालू ठेवा.

पत्राकाम काढायच्या आधी चेसिस नंबरचा पेन्सिलीचा ठसा घ्या आणि जवळून फोटो काढा. तो भाग कापू देऊ नका, त्यावर पुटी किंवा जाड प्रायमर चढू देऊ नका. रंगाच्या वेळी त्यावर कागदी टेप लावून ठेवा आणि नंतर ब्रशने एकच पातळ हात द्या, म्हणजे आकडे वाचता येतील.